वकील भेटल्याशिवाय ‘कबूल’ नाही!

“गुन्हा कबूल आहे का?” आरोप वाचून दाखवल्यावर न्यायालयाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आरोपी ‘नाकबूल’ म्हणाला, तर गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर. ‘कबूल’ म्हणाला, तर साक्षीदाराविना त्याच दिवशी शिक्षा होऊ शकते.

जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळालेला गरीब माणूस या प्रश्नापुढे उभा राहतो, तेव्हा कानात कुणीतरी सांगतच असते: कबूल करून टाक, भोगली तेवढी शिक्षा होईल, संध्याकाळी घरी जाशील. २०२२ अखेर देशाच्या तुरुंगांतल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. यातल्या कितीजणांची कबुली अपराधाची असेल आणि कितीजणांची थकव्याची?

संध्याकाळी घरी जाणाऱ्याला पुढचे कोणी सांगत नाही. कबुलीवर शिक्षा झाली, की आपण दोषी नव्हतो म्हणून अपील करता येत नाही. वाद उरतो तो शिक्षेच्या प्रमाणाचा किंवा वैधतेचा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळानंतर सुटकेची सवलत आहे. एकदा दोषी ठरलेल्याची ती जाते. पुन्हा कधी आत गेला तर त्याला निम्मा काळ काढावा लागतो. चारित्र्य पडताळणीत ही शिक्षा समोर येते आणि हातची नोकरी जाते, ते वेगळेच.

शिक्षेची वाटाघाट, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षा, मात्र कायद्याने बांधलेली आहे. हळदीतल्या भेसळीच्या एका खटल्यात अशी परस्पर झालेली तडजोड सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली घटनाबाह्य ठरवली होती. पुढे संसदेने कायदा बदलला आणि ५ जुलै २००६ पासून ही वाट खुली झाली. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच ती लागू आहे. स्त्रियांवरील आणि मुलांवरील गुन्हे वगळले आहेत, हे योग्यच. आरोपीने शपथपत्र द्यायचे आणि न्यायाधीशांनी दुसऱ्या पक्षाला बाहेर ठेवून, बंद दालनात, हा स्वेच्छेने बोलतो आहे का याची खात्री करायची. पीडितालाही बोलणीत जागा आहे. मात्र नव्या संहितेने अर्जाला आरोप निश्चितीपासून तीसच दिवस दिले आहेत, आणि वकिलाचे तोंडही न पाहिलेल्या कैद्याच्या बाबतीत ते बघता बघता सरतात.

वाटाघाटीला एवढी काळजी. साध्या ‘कबूल’ला यातले काहीही सक्तीचे नाही! कबुली स्वीकारायची की नाही, हे न्यायाधीशांच्या विवेकावर. तो विवेक कसा वापरावा, याचे उदाहरण मुंबईतच आहे. २० जुलै २००९ रोजी अजमल कसाबने आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात अचानक कबुली दिली. त्याला सरकारी खर्चाने वकील दिलेला होता. कबुली अपुरी असल्याचे पाहून न्यायाधीश टहलियानी यांनी ती नोंदवून घेतली, पण खटला पुढे चालवला; निकाल लागला तो मे २०१० मध्ये, पुराव्यावर. १६६ माणसे मारणाऱ्या हल्ल्यातल्या आरोपीची कबुली तपासायला न्यायव्यवस्थेकडे वेळ होता. मोबाइल चोरीच्या आरोपातल्या पोरासाठी अर्धा तास तरी हवाच.

म्हणून मागणी आहे ती ही: वकिलाने एकांतात भेटून परिणाम समजावले आहेत, अशी नोंद झाल्याशिवाय तुरुंगाची शिक्षा असलेल्या कोणत्याही खटल्यात कबुली घेऊ नये. न्यायाधीशांनी आरोपीला त्याच्याच भाषेत, पोलिसांना दूर ठेवून विचारावे. तीस दिवसांची मुदत वकील भेटल्याच्या दिवसापासून मोजावी. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच दिला आहे. घरातले कोणी आत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.