छोटा संघ, जाणता प्रशिक्षक

अभनपूर-रायपूरकडच्या आमच्या वाचकांची मुले शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळतात. मोठा क्लब जवळपास नाही. म्हणून या अंकात आम्ही छोट्या संघांना बळ देणारे फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांच्याकडे वळलो आहोत. मुंबई एफसीला त्यांनी वर्षानुवर्षे आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत टिकवले. मग ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला, गोव्यातल्या क्लबांनी माघार घेतल्यावर पुन्हा आत आलेला हा संघ २०१६-१७मध्ये मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून विजेता ठरला. (मुंबई एफसी त्याच वर्षी तळाला गेली!) बचावाच्या रांगांत फट ठेवायची नाही आणि चेंडू मिळताच मुसंडी मारायची, ही त्यांची रीत. ती देखणी नाही, अशी तक्रार होते. आम्हाला ही तक्रार फारशी पटत नाही. २०२५मध्ये तेच भारताचे प्रशिक्षक झाले. तुमच्या गावच्या संघाला कोणाच्या डावपेचांनी बळ दिले? जरूर कळवा.