पर्यावरणशास्त्र कशासाठी शिकावे?

“पर्यावरणशास्त्राची पदवी घेऊन करायचे तरी काय? झाडेच लावायची, तर त्यासाठी विद्यापीठाची पायरी कशाला चढावी?” असे पुष्कळ पालक विचारतात. त्यांची काळजी रास्त आहे. परंतु त्यामागील समजूत अपुरी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, एक घडलेली हकीकत ऐका. पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की गिधाडांचा थवा उतरे आणि पाहता पाहता केवळ हाडे उरत. १९९० नंतरच्या दशकात ही गिधाडे भारतातून झपाट्याने नाहीशी होऊ लागली. त्यांच्या काही जातींतील शंभरांपैकी नव्वदांहून अधिक पक्षी नष्ट झाले. कोणाला रोगाच्या साथीचा संशय आला, तर कोणाला कीटकनाशकांचा.

खरे कारण २००४ साली जगापुढे आले. पाकिस्तानात मृत गिधाडांची तपासणी केली असता त्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक या औषधाचा अंश आढळला. आजारी गुरांच्या वेदना शमवण्यासाठी ते दिले जात असे. असे गुरू मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. पुढे २००६ साली भारतात गुरांसाठी हे औषध तयार करण्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना बाधत नाही, हेही प्रयोगांनी दाखवून दिले.

हे कोडे कोणा एका शास्त्राने सोडवले काय? नाही. पक्ष्यांची गणती करणारा निरीक्षक, शवविच्छेदन करणारा पशुवैद्य, औषधाचा सूक्ष्म अंश मोजणारा रसायनतज्ज्ञ आणि कायदा जाणणारा अधिकारी, या सर्वांचे ज्ञान एकत्र आले, तेव्हाच वाट सापडली. निरनिराळ्या ज्ञानांचे धागे जोडण्याची दृष्टी देणे, हेच पर्यावरणशास्त्राचे खरे कार्य होय.

पर्यावरणाचे शिक्षण सर्वांना मिळावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला. पुढे महाविद्यालयांतून हा विषय आवश्यकही झाला. परंतु चार व्याख्या घोकून परीक्षेची वही भरली, म्हणजे शास्त्र आले असे नव्हे. सर्वच विषयांची थोडी थोडी तोंडओळख करून घेणाऱ्याच्या हाती अखेर काहीच उरत नाही. म्हणून ज्याला हे शास्त्र शिकायचे आहे, त्याने आधी रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचा पाया पक्का केला पाहिजे.

गिधाडांच्या मृत्यूचे कारण कळले खरे; पण ते कळेपर्यंत लक्षावधी पक्षी प्राणांस मुकले होते. उशिरा आलेले ज्ञान असे महाग पडते. उद्या तुमच्या गावच्या ओढ्यात मासे मरून तरंगू लागले, तर काठावर उभे राहून हळहळणारे पुष्कळ भेटतील. त्या पाण्याची बाटली भरून, ते तपासून, “कारण हे आहे” असे पुराव्यानिशी सांगणारा मात्र एखादाच असेल. तो एखादा तुमच्यातून निघावा, यासाठी हे शास्त्र शिकावे.