कुरळे म्हणजे वाकडे नव्हे



कुरळ्या केसांना गुजरातीत 'वांकडिया वाळ' म्हणतात. त्यात निंदा मुळीच नाही. पण मराठी घरातली मुलगी मैदानावर हा शब्द ऐकते तेव्हा तिच्या कानावर 'वाकडे' एवढेच पडते, आणि मराठीत वाकडे म्हणजे बिघडलेले. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'घुँघराले बाल' म्हटले की घुंगरांची आठवण होऊन कानाला गोडच वाटायचे. मराठीतही 'कुरळे' हा शब्द कमीपणाचा नाही. गंमत अशी की मुलांना चांगल्या सवयी लावण्याला आपण 'वळण लावणे' म्हणतो. 'सरळ करणे' म्हणतो ते धाक दाखवण्याला!

हा विषय काढण्याचे कारण असे की यंदा स्नेहसंमेलनाच्या तोंडावर केस सरळ करून घेण्याची मुलींमध्ये लाट आली आहे. काही मुलगेही त्यात आहेत. तापलेल्या इस्त्रीने केस जळतात हे आता घरोघरी माहीत झाले आहे, त्यामुळे नवा शब्द आला आहे तो 'हीट न वापरता'. 'सर, गरम काही लावत नाहीत, नुसते क्रीम लावतात,' असे माता-पालक आम्हाला निर्धास्तपणे सांगतात. उष्णता नाही म्हणजे धोका नाही, असे त्यांनी धरलेले असते. आमचा आक्षेप नेमका या समजुतीला आहे.

'उष्णतेशिवाय' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे आधी लक्षात घ्यावे. एक पाण्याने होते आणि एका दिवसात जाते. दुसरी रसायनाने होते आणि तेवढा केस वाढून कापला जाईपर्यंत राहते.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना हे विज्ञानाच्या तासाला सहज समजेल. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. केसाचे मूळ त्वचेतल्या ज्या पिशवीत असते, तीच वाकलेली असली की बाहेर येणारा केस वळणदार होतो. केसाच्या आत प्रथिनांचे लांब धागे एकमेकांना बांधलेले असतात. त्यांतले काही बंध नाजूक असतात, त्यांना हायड्रोजन बंध म्हणतात. केस ओला झाला की ते सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. केस ज्या आकारात वाळेल तो आकार काही काळ टिकतो. दुसरे बंध गंधकाचे असतात, डायसल्फाइड बंध. ते पाण्याला दाद देत नाहीत. केसाला त्याचे वळण कायम ठेवायला लावणारे मुख्यतः हेच.

पावसाळ्यात महीकडून दमट वारा सुटला की विंचरलेले केस तासाभरात फुलून येतात, ते त्या नाजूक बंधांमुळेच. केसाला हवेतली ओल इतकी चोख कळते की १७८३ साली जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने माणसाच्या केसाचा उपयोग करून आर्द्रतामापक बनवला होता. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि काटा हलतो. तेव्हा आषाढात ज्या मुलीचे केस 'ऐकत नाहीत' म्हणून घरी बोलणी बसतात, तिच्या डोक्यावर एक उत्तम वैज्ञानिक उपकरण आहे असे समजावे.

आता रसायनाचा प्रकार. गंधकाचे बंध तोडल्याशिवाय केस कायमचे सरळ होत नाहीत. ते तोडण्याचे जुने मार्ग दोन. एक थायोग्लायकोलेटचा. तो बंध सोडवतो, मग केस सरळ ताणून धरायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध पुन्हा जोडायचे. नको असलेले केस काढण्याचे क्रीम बाजारात मिळते, त्यातही थायोग्लायकोलेटच असते. तिथे ते जास्त तीव्र अल्कलीत काम करून केस विरघळवून टाकते. केस सरळ होणे आणि केस गळून येणे यांत फरक फक्त तीव्रतेचा आणि वेळेचा. दुसरा मार्ग कॉस्टिक सोड्याचा. होय, तोच. तुंबलेली मोरी साफ करायला वापरतात तो सोडियम हायड्रॉक्साइड. केस सरळ करण्याच्या काही क्रीममध्ये तो असतो आणि त्याला खरोखरच उष्णता लागत नाही.

इथे नंदेसरीत या गोष्टी समजावून सांगाव्या लागू नयेत. आपल्या शाळेतील कितीतरी पालक औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांत शिफ्ट करतात. कॉस्टिकचा ड्रम उघडायचा तर हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, अंगात एप्रन आणि जवळ पाण्याचा शॉवर असतो. ड्रमवरचे लेबल वाचल्याशिवाय झाकण उघडू नये, हे पहिल्याच आठवड्यात शिकवले जाते. ज्या वडिलांनी वीस वर्षे हा नियम पाळला, त्यांच्याच तेरा वर्षांच्या लेकीच्या डोक्यावर लेबल न वाचता क्रीमचा थर चढतो. मोजे असतात ते लावणाऱ्या बाईच्या हातात! मागच्या सत्रात आठवीतली एक विद्यार्थिनी कपाळाच्या कडेला खपल्या घेऊन वर्गात आली. 'थोडी आग होणारच, म्हणजे काम होतेय,' असे तिला सांगण्यात आले होते. कारखान्यात कोणी असे म्हणाले असते तर सेफ्टी ऑफिसरने काम थांबवले असते.

'केराटिन ट्रीटमेंट' हे नाव तर पौष्टिक आहाराचे वाटते. या प्रकारच्या अनेक द्रावणांत फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारी द्रव्ये आढळली आहेत. वर पुष्कळदा इस्त्रीही फिरवतात, म्हणजे 'हीट नाही' हा दावा तिथेच गळतो आणि तापल्यावर वायू अधिक सुटतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केले. २०१० मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' असे लेबल असलेले एक प्रसिद्ध द्रावण तपासले, तेव्हा त्यात ते सरासरी आठ टक्क्यांहून जास्त निघाले. पाण्यात मिसळल्यावर त्याचे नाव 'मिथिलीन ग्लायकॉल' होते. लेबलवर हे नाव दिसले तरी वस्तू तीच, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

मग फॉर्मल्डिहाइड टाळून ग्लायऑक्सिलिक ॲसिड आले. मार्च २०२४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हे ॲसिड होते. उंदरांवर तेच क्रीम लावून पाहिले तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. डोक्यावर लावलेले डोक्यावरच राहते असे नाही, हे यातून दिसते.

अमेरिकेत ३३,४९७ महिलांची सुमारे अकरा वर्षे पाहणी करून ऑक्टोबर २०२२ मध्ये एक निष्कर्ष जाहीर झाला. केस सरळ करण्याची द्रव्ये वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्या महिलांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. वयाच्या सत्तरीपर्यंत हा रोग होण्याची शक्यता न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. घाबरवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. चार टक्के म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणींना तो होत नाही, शिवाय या महिला पस्तिशीच्या पुढच्या होत्या आणि अशा पाहणीतून कारण पूर्ण सिद्ध होत नाही. पण केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तीन महिन्यांत मुळाशी तीन सेंटिमीटर कुरळे केस पुन्हा दिसू लागतात आणि पुन्हा पार्लर गाठावे लागते. तेराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलीच्या किती फेऱ्या होतील, याचा हिशोब पालकांनी आपापला करावा.

पाण्याच्या पद्धतीला मात्र आमचा काडीचाही विरोध नाही. ज्या मुलीला हौस आहे तिने केस धुऊन, टॉवेलने न रगडता टिपून घ्यावेत. रुंद दातांच्या फणीने टोकांकडून सुरुवात करून वरपर्यंत गुंता काढावा, कारण ओला केस ताणला की लवकर तुटतो. मग अर्धवट ओले केस डोक्याभोवती सपाट लपेटून त्यावर सुती रुमाल बांधावा आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावेत. किंवा मागे सैल बांधून थोड्या थोड्या अंतरावर मऊ रबरे लावावीत. जाड रोलर असतील तर तेही चालतील. केस वाळल्यावर बऱ्यापैकी सरळ होतात, निदान लहरी सैलावतात. मात्र घट्ट ओढून बांधू नये. रोज ओढ बसली की कपाळावरचे केस विरळ होऊ लागतात. घाम आला, पाऊस आला की सगळे मूळपदावर येते, आणि आमच्या मते हाच या पद्धतीचा मोठा गुण आहे. लिंबू, नारळाचे दूध, कॉर्नफ्लोअर यांचे लेप सध्या फार सांगितले जातात. त्यांनी केस मऊ वाटतील, पण गंधकाचा एकही बंध हलणार नाही. लिंबाने टाळू झोंबेल ते वेगळेच.

खोबरेल तेलाबद्दल एक आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरून धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलाने किंवा खनिज तेलाने तसे होत नाही. तेल विकणाऱ्या कंपनीनेच तेलाची परीक्षा घेतली, हे मनात ठेवूनही आम्हाला आजीचे म्हणणे बरोबर वाटते. कुरळ्या केसांना तेलाची गरज अधिक असते. मुळाशी सुटणारे नैसर्गिक तेल वळणांतून टोकापर्यंत सहज पोचत नाही.

काही पालकांनी असेही सुचवले आहे की सामूहिक नृत्यात सगळ्या मुली एकसारख्या दिसाव्यात म्हणून सरळ केसांचा आग्रह शाळेनेच धरावा. हेतू चांगला आहे, पण सूचना आम्हाला मान्य नाही. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्स या शाळेत ऑगस्ट २०१६ मध्ये काय झाले ते जरूर वाचावे. आपले नैसर्गिक दाट, कुरळे केस शाळेला अव्यवस्थित वाटतात, अशी तक्रार घेऊन कृष्णवर्णीय विद्यार्थिनी आवारात निदर्शनाला उभ्या राहिल्या. प्रांताच्या शिक्षण खात्याला मध्ये पडावे लागले आणि केसांबाबतचा नियम स्थगित झाला. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदाच केला की केसांच्या नैसर्गिक पोतावरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करता येणार नाही. आपल्याकडे प्रश्न वर्णाचा नाही असे कोणी म्हणेल. पण घरात 'हिचे केस बघा, घरटे झालेय' असे पाहुण्यांसमोर म्हणतो तेव्हा मुलीला लागायचे ते लागतेच.

एकसारखे दिसण्यासाठी गणवेश आहे. आपल्या शाळेचा नियम 'केस स्वच्छ व नीट बांधलेले असावेत' एवढाच आहे. त्यात 'सरळ' हा शब्द नाही आणि आम्ही तो घालणार नाही. हीच भूमिका विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मांडणार आहोत.

प्रार्थना सभागृहातल्या सरस्वतीच्या तसबिरीकडेही मुलींनी एकदा नीट पाहावे. ते राजा रविवर्म्याच्या १८९६ सालच्या चित्राचे छापील रूप आहे. मूळ चित्र आपल्या वडोदऱ्याच्याच महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहे. त्या सरस्वतीचे मोकळे केस चांगले लहरदार आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळापासून इथली मराठी घरे ते चित्र पुजत आली आहेत, आणि तिचे केस विस्कटलेले आहेत असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

संमेलनाच्या नृत्यांसाठी पाचवी ते आठवीच्या मुलींनी दोन वेण्या आणि नववीच्या पुढच्या मुलींनी अंबाडा घालावा. केस कोणत्याही पोताचे असोत, हे सर्वांना जमते. तालमीच्या दिवशी जादा पिना व जाळ्या वर्गशिक्षिकांकडे मिळतील. कोणाला क्रीम लावून टाळूची आग होत असेल किंवा खपल्या आल्या असतील, तर न लपवता वर्गशिक्षिकांना सांगावे. कोणीही रागावणार नाही. गजरे शाळेतर्फे आणले जातील.