कामगार कलमात जात लिहा

पीएचडीसाठी व्यापार करार वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधते : कलम मोडलं तर दाद कुठे मागायची? २०२४ मध्ये भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइनशी करार केला. त्यात कामगार हक्क आहेत, पण तंटा निवारणाच्या कक्षेबाहेर. माल अडला तर लवाद, माणूस भरडला तर नुसती चर्चा.

अशा अटी म्हणजे श्रीमंत देशांचा संरक्षणवाद, ही आपल्या सरकारची जुनी भूमिका. ती भीती खोटी नाही. पण स्वस्त मजुरीची किंमत कोण मोजतं?

तमिळनाडूच्या दिंडीगुल जिल्ह्यात निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या एका दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. अटक झाली ती तिच्या सुपरवायझरला. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील युनियनने लढून २०२२ मध्ये कंपनीशी आणि परदेशी ब्रँडांशी बंधनकारक करार केला. त्यात जातीय छळाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कारखान्यात लक्ष ठेवण्याचं काम त्याने कामगार स्त्रियांकडेच दिलं.

जे एका युनियनला जमलं, ते दोन सरकारांना अशक्य कसं? आपल्या घरात करार वाचू शकणारी आपली पहिलीच पिढी. मग विचारूया : यात जात कुठे आहे, आणि दाद कुठे?