उलट नोंद

दिवाळी जवळ आली की मला अजूनही वहीपूजन आठवते. बँकेत खतावणीवर मान मोडण्यात माझा जन्म गेला. तिथला पहिला धडा असा की, चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्याच्याविरुद्ध उलट नोंद करायची आणि खाली खरा आकडा लिहायचा.

परवा आमची धाकटी जेवायला आली ती तोंड पाडूनच. संगणकांच्या जाळ्यासाठी ती प्रोग्रॅम लिहिते. तिने केलेल्या एका बदलामुळे माहितीची पाकिटे वाटेतच अडकून बसली होती.

"पाकिटं? पोस्टासारखी?"

"तसंच समजा, बाबा. पाकिटावर वेळेचा शिक्का असतो. पण यंत्रात घड्याळं दोन. एक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं. दुसरं साधारण यंत्र सुरू झाल्यापासून चालतं आणि कधी मागे फिरत नाही. मी शिक्का मारला पहिल्यावरून, वाचणारा वाचत होता दुसऱ्यावरून."

हिशेब मला चटकन कळला. काल सुरू झालेल्या यंत्राच्या घड्याळात एक दिवस, शिक्क्यावर पन्नासाहून अधिक वर्षे! 'अजून वेळ आहे' म्हणून पाकीट बिचारे थांबलेले.

ती म्हणाली, लिनक्समध्येही २०१८ साली असाच घोटाळा झाला होता. पाकीट केव्हा सोडायचे ती वेळ पाकिटावरच लिहायची, अशी नवी रीत आली. पण त्याच जागी आलेल्या पाकिटावर पोचल्याची वेळही असू शके. 'एफक्यू' नावाचा पाळी लावणारा भाग तीच सोडण्याची वेळ समजला आणि पाकिटे पुढे जाईनात. तिथे रीत ठेवली, मात्र पाकीट पुढे धाडताना जुना शिक्का पुसू लागले. २०२२ मध्ये तर वेळ कोणत्या घड्याळाची, हे सांगणारी खूणच जोडली.

"मग तूही तसंच कर."

"माझा बदलच चुकीचा होता. तो मागे घ्यायचा आहे. पण 'गिट'मध्ये मागे घेतलेलं पुसलं जात नाही. उलट बदल नवा म्हणून जोडायचा. जुनाही राहतो, माझ्या नावासकट. सगळ्यांना दिसणार!"

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली बनवलेली ही वही तर आमच्याच वळणाची निघाली. मग घरात कधी न सांगितलेली गोष्ट मी सांगितली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक चुकीचा आकडा मी ब्लेडने खरवडला होता. ताळेबंद जुळेना. तीन रात्री चौघे जण माझ्यामुळे जागले आणि मी गप्प बसून त्यांच्याबरोबर चूक शोधत होतो. कागद उजेडात धरला तेव्हा साहेबांना ती सापडली. चुकीबद्दल ते काही बोलले नाहीत. खरवडण्याबद्दल मात्र खूप बोलले.

धाकटी जरा वेळ गप्प राहिली. मग तिने ताट सरकवून यंत्र उघडले.

"आधी जेव," ही म्हणाली.

"दोनच ओळी, आई. बदल मागे का घेतला, ते लिहायचं राहिलंय."