मशीन साहेबाचं, कंबर आमची



'ऑफिस शिफ्टिंग' हा शब्द फार सोज्वळ आहे. साहेब म्हणतो, "आम्ही ऑफिस हलवलं." साहेबाने काय हलवलं? मान. बाकी सगळं हलवतो तो टेक्निशियन. मशीन बिघडलं की त्याला इंजिनियर म्हणतात, उचलायचं असलं की हमाल, आणि फुटलं की गुन्हेगार. परवा फोर्ट ते अंधेरी या एका फेरीत ही तिन्ही नावं माझ्या वाट्याला येऊन गेली. म्हणून या वेळी लिहायचं ते यावरच.

ऑर्डरवर होतं : मोठं झेरॉक्स मशीन एक, यूपीएस एक, वेळ दोन तास. हे दोन तास ठरवले कोणी? ज्याने जन्मात स्क्रू फिरवला नाही त्या सेल्सवाल्याने. मशीन १०० किलोच्या वर. आधी टोनर काढायचा, वाया गेलेल्या टोनरची बाटली काढायची, स्कॅनर लॉक करायचा. नाहीतर टेम्पोच्या पहिल्याच खड्ड्यात काळी पावडर आतभर सांडते. यूपीएसच्या बॅटऱ्या शिशाच्या. एकेक सुटी करायची, टर्मिनल झाकायची. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर जाळच होतो. हे ज्ञान हातातलं आहे. बिलात त्याची किंमत शून्य. बिलात फक्त टेम्पोभाडं.

नव्या बिल्डिंगीत वॉचमन म्हणाला, "गेटपास?" ग्राहकाने काढलाच नव्हता. दीड तास उन्हात. मग मालाची लिफ्ट बंद. माणसांच्या लिफ्टमध्ये मशीनला बंदी आणि मशीनबरोबर आम्हालाही. तिसरा मजला, अरुंद जिना, आम्ही चौघं.

वर जाऊन पॉइंटला मीटर लावला. फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. काही दिसेना. वायर भिंतीत गेली होती, जमिनीपर्यंत पोचलीच नव्हती. मी म्हटलं, "साहेब, अर्थिंग नाही. चालू करता येणार नाही."

"तिकडे तर चालत होतं. लाव रे, तुझं काम लावायचं."

च्यायला, माझं काम काय ते हा सांगणार! अर्थिंग नसलं की मशीनच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात. आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली तर अख्खा पत्रा जिवंत होतो. मग मरणार कोण? झेरॉक्स काढणारी पोरगी, नाहीतर शिपाई. साहेब स्वतः कधी झेरॉक्स काढत नाही.

मी लावलं नाही. सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं : 'अर्थिंग नसल्यामुळे मशीन चालू केलेले नाही.' साहेबाने सही नाकारली. कंत्राटदाराचा फोन आला, "आजची हजेरी कट." तोवर रात्रीचे नऊ वाजले होते.

आता आमचा सवाल. १९४६ साली कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ते विधेयक मांडणारे मजूरमंत्री बाबासाहेब होते. आमच्या दिवसाला मात्र तासच नाहीत. कंत्राटी कामगारांसाठी देशाने १९७० साली केलेला कायदा २० माणसांपासून लागू होत होता. २०२० च्या संहितेने तो आकडा ५० वर नेला. आमच्या कंत्राटदाराच्या वहीत पोरं १४. म्हणजे तेव्हाच्या कायद्यालाही आम्ही दिसत नव्हतो, आताच्यालाही दिसत नाही. असे चौदा-चौदांचे किती कंत्राटदार या शहरात आहेत, ते तुम्हीच मोजा.

तेव्हा मित्रांनो, आपलं आपल्यालाच बघायचं आहे. नवी जागा बघितल्याशिवाय माल उचलायचा नाही. पॉइंट, लिफ्ट, गेटपास यांची हमी लेखी मागायची. जे नाही ते रिपोर्टवर लिहायचं आणि कॉपी आपल्याकडे ठेवायची. पण हे एकट्याने केलं तर हजेरी जाते, ते मी बघितलं. एका भागात फिरणाऱ्या दहा पोरांनी एकदम लिहायला लागलं पाहिजे, कंत्राटदार कुणाचा का असेना. दहा जणांची हजेरी कापली तर उद्या साहेबांची मशीनं चालू कोण करणार?

थ्री-पिनची वरची पिन बघा. इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड. ती आधी आत शिरते आणि शेवटी सुटते. आधी जमीन, मग करंट. प्लग बनवणाऱ्याला एवढी अक्कल होती. आपल्या पायाखाली जमीन कुणी घालून देणार नाही. ती संघटना करूनच मिळवावी लागेल. या अंकाची प्रत वाचून झाली की टूलबॅगेत ठेवा, पुढच्या साइटवरच्या पोराला द्या.