तीन वर्षांचा केसपेपर

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची डावी मांडी मोडली. तिथल्या तिथे लाकडी पट्ट्या बांधून तिसऱ्या दिवशी त्याला पुण्याला आणलं. डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात पूर्ण भूल न देताच तीन मदतनिसांच्या हातांनी पाय ओढून प्लॅस्टर घातलं आणि त्याच रात्री मुलगा गेला. वडील, दौंडचे डॉ. त्र्यंबक गोडबोले, कोर्टात गेले. २ मे १९६८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तीन हजार रुपयांची भरपाई कायम ठेवली. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरने काळजी घ्यायला हवी, हे सूत्र ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यातून आलं. आजही वैद्यकीय हलगर्जीपणाच्या निकालांत ते सापडतं. म्हणजे या कायद्याचा एक पाया मराठी मुलुखातल्या मोडलेल्या हाडावर उभा आहे.

मात्र त्या खटल्यातला बाप स्वतः डॉक्टर होता. काय चुकलं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तरीही पंधरा वर्षं गेली.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या घरात हीच गोष्ट कशी घडेल ते बघा. सात-आठ वर्षांचं पोर ट्रॉलीवरून पडतं आणि कोपराच्या वरचं हाड मोडतं. लहान मुलांत नेहमी आढळणारं हे फ्रॅक्चर अस्थितज्ज्ञांना धाकात ठेवतं, कारण रक्तवाहिनी आणि नसा हाडाला खेटून जातात. प्लॅस्टर घट्ट झालं आणि आतली सूज वाढली तर स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटं कायमची आखडतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये हे लिहून ठेवलं. मूल कळवळून रडतंय, बोट जरा सरळ केलं तरी किंचाळतंय, आणि ‘पोरं रडतातच’ म्हणून रात्रभर कुणी प्लॅस्टर कापलं नाही, तर ते हलगर्जीपणाचं प्रकरण होऊ शकतं. अशा उघड चुकीत प्रत्येक वेळी तज्ज्ञाचा अहवाल मागायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात स्पष्ट केलं.

हे नुकसान निदान लवकर दिसतं. दुसरं फसवं असतं. मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पातळ थर असतो, हाड तिथूनच लांबीला वाढतं. अपघाताने किंवा हाड जुळवून धरायला चुकीच्या जागी घातलेल्या तारेने त्याला इजा झाली, तर त्या दिवशीच्या एक्स-रेत सगळं ठीक दिसू शकतं. पाय आखूड राहिला किंवा हात वाकडा वाढला, हे मूल उंच होऊ लागल्यावर कळतं. कधी वर्षभराने, कधी त्याहून उशिरा.

इथे कायदा स्वतःशीच भांडतो. मुदतीचा कायदा अज्ञान मुलाला सवलत देतो: सज्ञान झाल्यावरही त्याला दिवाणी दावा लावता येतो, जास्तीत जास्त तीन वर्षांत. पण वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाची कागदपत्रं डॉक्टरने जपायची ती उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षं. आठव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला एकविसाव्या वर्षापर्यंत दाव्याचा हक्क, आणि पुरावा अकराव्या वर्षीच रद्दीत! दावा लावायची मुदत ब्रिटनमध्येही साधारण एकविसाव्या वर्षापर्यंतच आहे, पण तिथे मुलांची कागदपत्रं पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत ठेवतात. आपल्याकडे हक्क लिहिणाऱ्याची आणि कपाट आवरणाऱ्याची कधी गाठ पडली नसावी.

त्यात बीडचं वेळापत्रक. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेतलेलं कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातं आणि परततं ते उन्हाळ्यात. काही आठवड्यांनी तार काढायची, तीन महिन्यांनी एक्स-रे, हे सगळं कुटुंब फडावर असतानाच येतं. मग खटल्यात बचाव तयारच असतो: ‘फेरतपासणीला आले नाहीत.’ तो खोटा असतोच असं नाही. पण डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आणि त्यावर चार अक्षरांचा शेरा असेल, तर आई-बापाला नेमकं काय सांगितलं होतं, हे न्यायाधीशांनी विचारलं पाहिजे. हंगाम कधी सुरू होतो हे या जिल्ह्यातल्या डॉक्टरला कुणी सांगायला नको.

दाद कुठे मागायची, हे पैसे कुणी भरले यावर ठरतं. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार सरसकट सगळ्यांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय ग्राहक कायद्याबाहेर राहतं; केसपेपरच्या नाममात्र पैशांनी ते आत येत नाही. खासगी रुग्णालय मात्र आत येतं. विमा कंपनीने बिल भरलं तर ती सेवा मोफत नव्हे, असंही त्याच निकालात आहे, म्हणून महात्मा फुले योजनेतून खासगीत उपचार घेतलेल्यांनी ‘आपण कुठे पैसे भरले’ म्हणून गप्प बसू नये. मुलासोबत आई-बापही ग्राहक ठरतात, हे १९९८ च्या स्प्रिंग मेडोज खटल्यात ठरलं. ग्राहक आयोगातली मुदत दोन वर्षांची. उशिराला सबळ कारण द्यावं लागतं. सरकारी रुग्णालयाविरुद्ध वाट उरते दिवाणी कोर्टाची, आणि ती लांबची आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. तिच्या घरच्यांना, खोडवा कुटुंबाला, शेवटचा न्याय १९९६ मध्ये मिळाला. रक्कम ३६ हजार.

डॉक्टरांचीही एक बाजू आहे आणि ती मला पटते. वाढीच्या थराला अपघातातच इजा झालेली असेल, तर उत्तम शस्त्रक्रियेनंतरही हाड वाकडं वाढू शकतं. प्रत्येक वाकडा हात म्हणजे गुन्हा नव्हे. पण हे सिद्ध करायला डॉक्टरकडेही तोच पहिल्या दिवसाचा एक्स-रे आणि तीच नोंद लागणार. म्हणून अज्ञान रुग्णांची कागदपत्रं एकविसाव्या वर्षापर्यंत ठेवण्याची सक्ती आणि मराठीतलं डिस्चार्ज कार्ड, या दोन मागण्या खरं तर डॉक्टरांच्या संघटनांनीच करायला हव्या होत्या.

तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी एवढं करता येईल. कागदपत्रांच्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मागणीनंतर ७२ तासांत प्रत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. एक्स-रेची फिल्म मुकादमाच्या मोबाइलमधल्या फोटोवर सोडू नका, घरी ठेवा. वकिलाचे पैसे नसतील तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार मुलांना आणि स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.